आजारी मूल आणि शाळेची हजेरी



ज्या विषयावर आज मला बोलावयाचें आहे तो दिसावयास किरकोळ आहे. मूल आजारी पडलें तर शाळेस काय कळवावें, केव्हां कळवावें आणि शाळेनें ऐकलें नाहीं तर काय करावें, एवढाच तो प्रश्न. परंतु ३६ वर्षें शिक्षकाच्या खुर्चीवर बसून आणि आतां कांहीं वर्षें आजोबांच्या खुर्चीवर बसून माझी अशी खात्री झाली आहे कीं, घर आणि शाळा यांच्यामधील बहुतेक गैरसमज या किरकोळ वाटणाऱ्या ठिकाणींच जन्मास येतात. आणि त्यांची किंमत मात्र मुलास मोजावी लागते.

आम्ही राहतों ती खांदा कॉलनी, म्हणजे सिडकोनें वसविलेल्या नव्या पनवेलचा पश्चिमेकडील भाग. पावसाळ्यांत सकाळीं सातच्या सुमारास आमच्या इमारतीच्या फाटकाशीं उभें राहिलें म्हणजे एक देखावा हमखास पाहावयास मिळतो. पाठीवर दप्तर, अंगांत रेनकोट आणि डोळे तांबारलेले, असें एखादें मूल उभें असतें. आई त्याच्या कपाळावर हात ठेवून पाहते. "ताप थोडाच आहे; औषध पाजलें आहे," असें ती शेजारणीस सांगते, आणि पुढें हळूच म्हणते, "आज घरीं ठेवलें तर बाई रागावतील." इतक्यांत शाळेची बस येते व मूल तींत चढतें.

ही आई निष्काळजी नाहीं. ती भ्यालेली आहे. आणि त्या बाईहि दुष्ट नाहींत. त्यांना महिनाअखेर हजेरीची टक्केवारी वर पाठवावयाची असते. दोघी एकाच कागदाला भितात. त्या कागदाचें नांव हजेरीपत्रक. आमच्या वेळीं आम्ही त्यास कॅटलॉग म्हणत असूं.

या कागदाचा एक मोठा दोष आहे. मूल आलें नाहीं एवढेंच तो सांगतो. कां आलें नाहीं, हें सांगत नाहीं. आंब्याच्या झाडावर चढण्यासाठीं शाळा चुकविणारा मुलगा आणि तापानें फणफणलेला मुलगा यांच्या नांवापुढें खूण एकच पडते. ही दोन मुलें वेगळीं आहेत हें कोणीतरी तोंडानें वा लेखणीनें सांगावें लागतें. तें सांगितलें गेलें नाहीं म्हणजे काय होतें, हें मीं एकदां माझ्या हातून केलेलें आहे. तें सांगून मगच पुढें जातों.

१९९४ सालची गोष्ट. मी एका खेड्यांतील प्राथमिक शाळेंत चौथीच्या वर्गास शिकवीत होतों. वर्गांत एक मुलगी होती. हुशार, परंतु अबोल. जूनमध्यें ती दहाबारा दिवस आली नाहीं. नंतर आली ती किंचित् लंगडत. पुढें दर दोनतीन आठवड्यांनीं तिचा एक दिवस बुडूं लागला. विचारलें तर ती मान खालीं घाली. घरच्यांना चिठ्ठी पाठविली तर उत्तर नाहीं. त्या काळीं, म्हणजे १९९२ सालापासून, मागासवर्गांतील गरीब घरच्या पहिली ते चौथीच्या मुलींस हजेरीच्या प्रत्येक दिवसास एक रुपया उपस्थितिभत्ता मिळत असे. त्यासाठीं शेंकडा ७५ हजेरीची अट होती. एके दिवशीं मीं तिला सर्व वर्गादेखत बजावलें, "अशा दांड्या मारशील तर तुझा भत्ता बुडेल."

त्यानंतर तिची गैरहजेरी थांबली. मला समाधान वाटलें. माझ्या बोलण्याचा परिणाम झाला, असें मीं सहाध्यायांस सांगितलेंहि.

पुढें दिवाळीच्या सुटीनंतर ती आलीच नाहीं. शेवटीं मी तिच्या घरीं गेलों. मुलगी अंथरुणावर होती. आईनें एक मळकट कार्ड माझ्या हातीं दिलें. तें सरकारी दवाखान्याचें होतें. त्यावर तारखा होत्या, बरोबर २१-२१ दिवसांच्या अंतरानें. मुलीस ऱ्हुमॅटिक ताप झाला होता. घशास एका विशिष्ट जंतूचा संसर्ग होतो आणि त्यानंतर दोनतीन आठवड्यांनीं कांहीं मुलांचे सांधे सुजतात व हृदयाच्या झडपांस अपाय होतो, तो हा रोग. पांच ते पंधरा वर्षांच्या मुलांत तो विशेषेंकरून आढळतो. एकदां झाला कीं पुन्हां होऊं नये म्हणून दर तीनचार आठवड्यांनीं पेनिसिलिनचें इंजेक्शन वर्षानुवर्षें घ्यावें लागतें. तीं इंजेक्शनें म्हणजेच माझ्या कॅटलॉगांतील त्या "दांड्या" होत्या. माझी धमकी ऐकल्यावर तिनें आईस सांगितलें होतें कीं मी आतां दवाखान्यांत यावयाची नाहीं. आईचाहि त्या दिवसाचा रोज बुडत असे. तिनें आग्रह धरला नाहीं. तीन इंजेक्शनें चुकलीं आणि दुखणें उलटलें.

घरीं परत आल्यावर मीं साधा हिशेब मांडला, जो मीं आधींच मांडावयास हवा होता. वर्षाचे शाळेचे दिवस २२० धरले तर शेंकडा ७५ म्हणजे १६५. याचा अर्थ ५५ दिवस बुडूनहि तिचा भत्ता सुरक्षित होता. २१ दिवसांनीं एक इंजेक्शन म्हणजे वर्षास १७. त्यांपैकीं कित्येक सुटींतच पडावयाचीं. म्हणजे मीं जी धमकी दिली ती मुळांत खोटी होती. एका शिक्षकास जी वजाबाकी चौथीच्या मुलांस शिकवावयाची, तीच त्यानें स्वतः केली नाहीं. मुलीचें तें वर्ष गेलें. पुढें अनेक वर्षांनीं तिच्या आईची बाजारांत गांठ पडली. हृदयाची झडप बदलावी लागली, आतां बरी आहे, असें ती म्हणाली. तिनें मला बोल लावला नाहीं. तें अधिक जड गेलें.

आईनें मला आधीं कां सांगितलें नाहीं? हृदयाचें दुखणें म्हटल्यावर मास्तर मुलीचें नांव काढून टाकतील अशी तिला भीति वाटली. आणि मीं घरीं जाऊन कां विचारलें नाहीं? दांडी म्हणजे आळस, हें मीं गृहीत धरलें होतें. दोन्हीं बाजूंचें मौन, एवढेंच या गोष्टीचें कारण. म्हणून आज जें सांगणार आहें तें सर्व या मौनावरचें औषध आहे, असें समजावें.

प्रथम कायद्याची बाजू पाहूं, कारण भीतीचें मूळ बहुधा अज्ञानांत असतें. सक्तीचें शिक्षण आणि आजारपणाची सूट या दोन गोष्टी जन्मापासून बरोबरच चालत आल्या आहेत. इंग्लंडांत १८७० सालीं प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, त्यांतच मूल आजारामुळें शाळेंत येऊं शकलें नाहीं तर तें सबळ कारण समजावें, असें नमूद केलें होतें. आपल्याकडे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ सालीं तो साऱ्या बडोदें संस्थानास लागू केला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत सक्तीच्या शिक्षणाचें विधेयक मांडलें, तेव्हां त्यांनीं इंग्लंडच्या याच कायद्यांचा आधार घेतला होता. तें विधेयक १९१२ सालीं फेटाळलें गेलें, हें सर्वश्रुत आहे. तात्पर्य, शाळेची सक्ति मुलाच्या हितासाठीं आहे, तापांत त्यास बाकावर बसविण्यासाठीं नव्हे, हें कायदे करणारांनीं प्रथमपासून ओळखलें होतें.

आज आपल्याकडे २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आहे. तो १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठीं तो आहे. पहिली ते पांचवीस वर्षाचे किमान २०० व सहावी ते आठवीस २२० दिवस शाळा भरली पाहिजे, असें त्यांत सांगितलें आहे. परंतु हें बंधन शाळेवर आहे. मुलानें आजारांतहि इतके दिवस आलेंच पाहिजे, असा त्याचा अर्थ नाहीं. त्याच कायद्याच्या १६ व्या कलमान्वयें प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत मुलास शाळेंतून काढून टाकतां येत नाहीं. १७ वें कलम शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई करतें. वर्गादेखत आजारी मुलास लाजविणें हें त्यांतच येतें, असें माझें मत आहे, आणि हें मी स्वतःस वगळून म्हणत नाहीं. २४ वें कलम शिक्षकांवर असें कर्तव्य ठेवतें कीं, मुलाची गरज पाहून त्यास जादा शिकवावें आणि पालकांस नियमानें भेटून हजेरी व प्रगति यांविषयीं सांगावें. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पांचवी व आठवीस वार्षिक परीक्षा घेऊन, फेरपरीक्षेंतहि मूल अनुत्तीर्ण झालें तर त्याच वर्गांत ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली आणि महाराष्ट्रानें २०२३ सालीं तसे नियम केले. तेव्हां या दोन इयत्तांच्या मुलांच्या पालकांनीं आजारपणांत बुडालेल्या अभ्यासाकडे थोडें अधिक लक्ष द्यावें.

दहावी-बारावीस गोष्ट वेगळी होते. केंद्रीय माध्यमिक मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या, परीक्षांस बसण्यास शेंकडा ७५ हजेरी लागते. गंभीर आजारासारख्या कारणासाठीं सूट मिळूं शकते. ऑगस्ट २०२५ मध्यें त्या मंडळानें शाळांस पुन्हां बजावलें कीं, आजारपणाची रजा झाल्यावर लगेच लेखी अर्ज व वैद्यकीय कागद आले पाहिजेत. येथें "लगेच" हा शब्द महत्त्वाचा. फेब्रुवारींत परीक्षेच्या तोंडावर जुलैमधील तापाचा दाखला शोधीत फिरणें म्हणजे वरातीमागून घोडें. मूल इतर कोणत्या मंडळाच्या शाळेंत असेल तर तेथील हजेरीचा नियम जूनमध्येंच कार्यालयांत विचारून लिहून घ्यावा.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. मूल आजारी पडलें त्याच दिवशीं, शाळा भरण्यापूर्वीं वा भरतांच, शाळेस कळवावें. पूर्वीं शेजारच्या मुलाबरोबर चिठ्ठी जात असे. आतां व्हॉट्सॲप आहे, शाळेचें ॲप आहे, दूरध्वनि आहे. साधन कोणतेंहि असो, त्यांत चार गोष्टी असाव्यात: मुलाचें नांव व तुकडी, कोणत्या तारखेपासून बरें नाहीं, डॉक्टरांनीं काय सांगितलें, आणि केव्हां येण्याचा संभव आहे. दुखणें सांसर्गिक असेल तर तें अवश्य सांगावें. त्यांत लाज कसली? कांजिण्यांचें मूल वर्गांत बसून गेलें असेल आणि वर्गांत एखादें नाजूक प्रकृतीचें मूल असेल, तर त्याच्या आईस आपल्या एका ओळीनें सावध होतां येतें.

तीन दिवसांहून अधिक दुखणें लांबलें तर मूल शाळेंत परत जातांना कागदावर अर्ज द्यावा. निरोप पुसले जातात, दूरध्वनि विसरले जातात. कागद फायलींत राहतो. माझा नातू गेल्या पावसाळ्यांत डेंग्यूनें आजारी पडला तेव्हां सूनबाईंनीं मला मसुदा करावयास सांगितला. तो येथें वाचून दाखवितों. ज्यांस हवा असेल त्यांनीं उतरून घ्यावा.

"माननीय मुख्याध्यापक यांस, सविनय नमस्कार. माझा मुलगा, इयत्ता चौथी 'ब', हा अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत डेंग्यूच्या तापामुळें शाळेंत येऊं शकला नाहीं. पहिल्याच दिवशीं वर्गशिक्षिकाबाईंस तसें कळविलें होतें. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें आणखी दोन आठवडे त्यानें मैदानावर खेळूं नये. या काळांत झालेल्या अभ्यासापैकीं अत्यावश्यक भाग कोणता, हें बाईंनीं कृपया सांगावें. तो आम्ही घरीं करून घेऊं. या काळांतील चांचणी परीक्षा पुढें घेतां येईल काय, हेंहि कळविण्याची विनंति आहे. कळावें, आपली विश्वासू."

पाहा, या अर्जांत क्षमा मागितलेली नाहीं. आजारी पडणें हा अपराध नव्हे. तसाच त्यांत दरडावणीचा सूरहि नाहीं. घडलेलें, कागद, आणि दोन नेमक्या विनंत्या, एवढेंच आहे. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि तीवर कार्यालयाची पोंच, म्हणजे तारीख व सही, घ्यावी.

मूल किती दिवस घरीं ठेवावें, हा पुढचा प्रश्न. अंतिम शब्द डॉक्टरांचाच, परंतु सर्वसाधारण नियम घरोघरीं ठाऊक असावेत. साधा ताप असेल तर औषध न देतां २४ तास ताप आला नाहीं म्हणजे मग शाळा. हगवण-उलटी असेल तर ती थांबल्यावर ४८ तास. गोवरांत पुरळ उठल्यापासून चार दिवस मूल इतरांस रोग देऊं शकतें. २०२२ च्या अखेरीस मुंबईंत गोवराची साथ आली होती, ती आपल्या स्मरणांत असेल. गालगुंडांत सूज आल्यापासून पांच दिवस. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे बहुधा आठवडाभर. दूषित पाण्यानें होणाऱ्या काविळींत डोळे पिवळे झाल्यापासून निदान एक आठवडा. डोळे आले असतील, जसे २०२३ च्या पावसाळ्यांत महाराष्ट्रभर आले होते, तर पाणी व चिकटा थांबेपर्यंत.

डेंग्यूविषयीं दोन शब्द वेगळे सांगितले पाहिजेत. तो एका मुलापासून शेजारच्या बाकावरील मुलास सरळ होत नाहीं, डासामार्फत होतो. म्हणून डेंग्यूच्या मुलास वर्गांत दूर बसविणें निरर्थक आहे. परंतु पालकांची चूक दुसऱ्या दिशेनें होते. ताप उतरला म्हणजे बरें झालें असें समजून ते दुसऱ्या दिवशीं मुलास बसमध्यें बसवितात. वास्तविक या रोगांत धोक्याचा काळ ताप उतरण्याच्या सुमारासच सुरू होतो आणि पुढचे एकदोन दिवस फार जपावें लागतें. पोटांत जोरानें दुखणें, वारंवार उलटी, हिरड्यांतून वा नाकांतून रक्त, गळून जाणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर तत्काळ रुग्णालय गांठावें. अशा दिवशीं शाळेची टक्केवारी मोजीत बसणारा मनुष्य शहाणा म्हणतां येणार नाहीं.

येथें पालकांसहि एक अप्रिय गोष्ट ऐकवतों. मे महिन्याची सुटी चार दिवस वाढवावयाची, गांवीं लग्नास जावयाचें, आणि अर्जांत मात्र "ताप" लिहावयाचा, ही रीत सुशिक्षित घरांतहि आहे. त्याला जोडून ओळखीच्या डॉक्टरांचा दाखलाहि मिळतो. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आम्हीच मुलांस शिकवितों. खोट्या दाखल्यांचा ढीग फायलींत सांचला म्हणजे शिक्षक खऱ्या दाखल्याकडेहि संशयानें पाहूं लागतो. चोर सुटतो आणि संन्याशास सुळी मिळते. लग्नास जावयाचें असेल तर "लग्नास जात आहों" असेंच लिहावें. मुख्याध्यापक फार तर नाराज होतील. परंतु पुढें मूल खरोखर आजारी पडेल तेव्हां तुमच्या शब्दास किंमत राहील. शिवाय मूल तो अर्ज वाचतें, हें विसरूं नये.

बुडलेल्या अभ्यासाचें ओझें हा आणखी एक जाच. आठ दिवसांच्या आजारांतून उठलेलें मूल रात्रीं अकरापर्यंत मैत्रिणीच्या वह्या उतरून काढीत बसतें, आणि आईहि शेजारीं बसून लिहिते. मास्तर या नात्यानें सांगतों, वही पुरी होणें म्हणजे अभ्यास होणें नव्हे. गणितांतील नवी रीत, भाषेंतील एखादा नवा पाठ, एवढेंच खरोखर महत्त्वाचें असतें. तें शिक्षकांस विचारावें आणि बाकीचीं पानें कोरीं राहूं द्यावीं. कोरें पान पाहून रागावणाऱ्या बाईंस नम्रपणें सांगावें, "डॉक्टरांनीं विश्रांति सांगितली आहे, आपण सांगाल तेवढें महत्त्वाचें करून घेऊं." बहुतेक शिक्षक ऐकतात. त्यांनाहि घरीं मुलें असतात.

आतां ज्यांचें दुखणें आठ दिवसांत संपणारें नसतें, अशा मुलांकडे वळतों. कारण अशा एका मुलीनेंच मला हा धडा शिकविला. दम्याचें मूल आहे, मधुमेहासाठीं रोज इन्शुलिन घेणारें मूल आहे, फेफऱ्याचें आहे, थॅलॅसीमियामुळें दर दोन ते चार आठवड्यांनीं रक्त घ्यावें लागणारें मूल आहे. अशांच्या पालकांनीं दांड्या पडूं लागण्याची वाट पाहूं नये. शाळा उघडण्याच्या आठवड्यांतच वर्गशिक्षकांस व मुख्याध्यापकांस भेटावें आणि डॉक्टरांकडून एक पानाचें पत्र आणून द्यावें. त्यांत दुखण्याचें नांव सोप्या भाषेंत असावें. कोणत्या दिवशीं दवाखान्यांत जावें लागेल त्या तारखा असाव्यात. शाळेंत त्रास झाला तर तो कसा ओळखावा, प्रथम काय करावें आणि कोणास दूरध्वनि करावा, हें असावें. आणि मूल काय काय करूं शकतें हेंहि असावें. हें शेवटचें वाक्य विसरूं नका. नाहीं तर भीतीपोटीं शाळा त्यास सहलीस नेत नाहीं, खेळूं देत नाहीं, आणि मूल रोगापेक्षां वेगळेपणानेंच अधिक खचतें.

हिशेब पुन्हां तोच आहे. दर तीन आठवड्यांनीं रक्त घेणाऱ्या मुलाचे वर्षांत १७ दिवस जातात. २२० दिवसांच्या शाळेंत ते शेंकडा ८ सुद्धां होत नाहींत. आधीं सांगितलेला दिवस हा नियोजनाचा भाग होतो, न सांगितलेला दिवस दांडी ठरतो. शिक्षकास तारीख ठाऊक असेल तर तो त्या दिवशीं चांचणी ठेवणार नाहीं.

अशा मुलांच्या पाठीशीं कायदाहि उभा आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत २१ प्रकार मोजलेले आहेत. थॅलॅसीमिया, हिमोफिलिया व सिकलसेल हे रक्ताचे तीन विकार त्यांत येतात. अशा विद्यार्थ्यांसाठीं अभ्यासक्रमांत व परीक्षापद्धतींत योग्य ते फेरफार करावेत, असें तो कायदा सांगतो. २०१७ सालीं सीबीएसईनें मधुमेही विद्यार्थ्यांस परीक्षेच्या दालनांत खाण्याचे पदार्थ नेण्याची परवानगी दिली. शिक्षणहक्काच्या कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती होऊन तीव्र दिव्यांगत्वाच्या मुलांस घरीं राहून शिकण्याचा मार्गहि मोकळा झाला. आणखी एक सोय अनेकांस ठाऊक नसते. २०१३ च्या फेब्रुवारींत आपल्या पालघर येथूनच सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमांत सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षांतून एकदां तपासणी होते. त्या दिवशीं मूल घरीं ठेवूं नये. जें दुखणें आपल्यास दिसलें नाहीं तें कदाचित् तेथें दिसेल. माझ्या विद्यार्थिनीच्या काळीं असें पथक शाळेंत आलें असतें तर, असें पुष्कळदां मनांत येऊन जातें.

एवढें करूनहि शाळा ऐकत नसेल तर? पायरी सोडून चढूं नये. पहिली पायरी वर्गशिक्षक. दुसरी मुख्याध्यापक, येथें तोंडी नव्हे, लेखी. तिसरी पालक-शिक्षक संघ. आणि सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिति, जींत तीनचतुर्थांश सभासद पालकच असतात. तेथेंहि न्याय मिळाला नाहीं तर ३२ व्या कलमान्वयें स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करतां येते, आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लागावा अशी तरतूद आहे. प्रत्येक पायरीवर हातांत तारखांचा कागद असावा. "तुमची शाळा नेहमींच असें करते," या वाक्यास उत्तर मिळत नाहीं. मिळालें तर भांडण मिळतें. "अमुक तारखेस अर्ज दिला, त्याची पोंच ही; अमुक तारखेस मुलास असें सांगण्यांत आलें," या वाक्यास उत्तर द्यावेंच लागतें. आणि ही सर्व बोलणीं मुलाच्या देखत करूं नयेत. दुसऱ्या दिवशीं त्यास त्याच बाईंच्या समोर बसावयाचें असतें.

शेवटीं माझ्या व्यवसायबंधूंस व भगिनींस एक विनंति. वर्षअखेर शेंकडा शंभर हजेरीचें बक्षीस देण्याची चाल अनेक शाळांत आहे. तीं बक्षिसें मींहि हौसेनें वांटलीं आहेत. परंतु त्या बक्षिसासाठीं तापांत आलेलीं मुलें मीं पाहिलीं आहेत, आणि त्यांच्यापासून ताप घेऊन गेलेलीं मुलेंहि पाहिलीं आहेत. ज्याची प्रकृति देवानें धडधाकट केली त्यास बक्षीस, आणि जो दम्याशीं झगडत १८० दिवस आला त्यास कांहीं नाहीं, यांत कोणता न्याय? २०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या आणि पुढें हळूहळू उघडल्या, तेव्हां पालकांच्या लेखी संमतीवांचून मुलांस बोलावूं नये व हजेरीची सक्ति करूं नये, असें शासनानेंच ठरविलें होतें. त्या दिवसांत आम्हां सर्वांस जें उमगलें होतें तें इतक्या लवकर विसरूं नये.

आणि एक नियम प्रत्येक शिक्षकानें स्वतःपुरता करावा: एखादें मूल तीन दिवस दिसलें नाहीं तर चौथ्या दिवशीं घरीं चौकशी करावी, आणि दांड्या ठराविक अंतरानें पडत असतील तर रागावण्यापूर्वीं पंचांग पुढें घेऊन त्या मोजाव्यात. महिनाभर सलग न आलेल्या मुलाची गणना शाळाबाह्य मुलांत होऊं शकते. परंतु चौकशीस महिना लागण्याचें कारण नाहीं.

उद्यां सकाळीं फाटकाशीं उभें असतां मुलाच्या कपाळास हात लावून पाहाल आणि तें तापलेलें लागेल, तेव्हां दप्तर खालीं उतरवून ठेवा व शाळेस दोन ओळी लिहा. बस उद्यांहि येणार आहे. आणि कॅटलॉग उघडून बसलेल्या मास्तरांनीं त्या दोन ओळी नीट वाचाव्यात, कारण मला त्या कोणीं लिहिल्या नाहींत आणि मीं त्या विचारल्याहि नाहींत.